एवढा गुलाबी चालेल का?

मागच्या हिवाळी परीक्षेला मी एका कॉलेजात एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून गेले होते. बी.फार्मच्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीच्या, पहिल्या सेमिस्टरची बॅच, अ‍ॅनालिसिसचं प्रॅक्टिकल. खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगी सोडियम हायड्रॉक्साइडचं स्टँडर्डायझेशन करत होती, म्हणजे टायट्रेशननं द्रावणाची नेमकी तीव्रता काढत होती: ब्युरेटमधून, तोटी असलेल्या लांब मापनळीतून, थेंब थेंब सोडायचं आणि फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. अ‍ॅप्रन कोरा, घडीच्या रेषा अजून मोडलेल्या नव्हत्या. तिची सिनॉप्सिस, म्हणजे प्रयोगाचं थोडक्यात लेखी टिपण, मी आधीच पाहिली होती. तत्त्व, समीकरण, रंग दाखवायला फिनॉल्फ्थॅलिनच का वापरायचं, चूक कुठे होऊ शकते, सगळं इतकं नेटकं लिहिलेलं की लाल पेन टेकवायला जागा नव्हती. मी शेजारून जात होते तेवढ्यात तिनं फ्लास्क उचलून माझ्यापुढे धरला आणि दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, एवढा गुलाबी चालेल का?"

रंग अगदी बरोबर होता. पांढऱ्या टाइलवर धरला तरच दिसेल इतका फिका, आणि हलवल्यावरही टिकून राहिलेला. परीक्षकानं सांगायचं नसतं, म्हणून मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तिनं माझ्याकडे पाहिलं, फ्लास्ककडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग ब्युरेटखाली फ्लास्क धरून आणखी दोन थेंब सोडले. पाणी एकदम राणी रंगाचं झालं. तिचा चेहरा मोकळा झाला, कारण आता शंकेला जागाच उरली नव्हती. तिनं रीडिंग लिहून घेतलं.

दोन थेंब म्हणजे साधारण ०.१ मिली. गणितात फारसा फरक पडला नाही, उत्तर चौकटीत बसलं, गुणही चांगले मिळाले. पण संध्याकाळी पुण्यात रिक्षा नळ स्टॉपच्या सिग्नलला अडकली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच दोन थेंब होते. बरोबर जागी पोचलेली मुलगी माझ्यादेखत तिथून पुढे गेली, आणि माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत त्याची नोंद करायला रकाना नव्हता.

आमच्याकडे सेमिस्टरच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला चार तास आणि ३५ गुण. सिनॉप्सिसला ५, प्रयोगाला २५, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ५. प्रयोगाला २५ हे ऐकायला बरं वाटतं. पण ते २५ आम्ही बहुतेक वेळा कागद पाहून देतो. रीडिंगचा तक्ता, गणित, निष्कर्ष. तक्त्यात १०.२, १०.२, १०.२ अशी तीन रीडिंग एकाखाली एक दिसली की समाधान मानायचं आणि पुढच्या पेपरकडे वळायचं. ती तीन रीडिंग खरंच तीनदा घेतली की एकदा घेऊन दोनदा लिहिली, हे लॅबमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. जर्नलचं तेच. अप्पा बळवंत चौकातून कोरं जर्नल आणायचं, वरच्या वर्गातल्या ताईचं किंवा दादाचं जुनं मिळवायचं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत चौघांनी गोल करून बसायचं. मीही पंचवीसेक वर्षं अशा जर्नलांवर सह्या करत आले आहे. निळ्या शाईतल्या आकृत्या, पेन्सिलीनं ओढलेले समास, आणि मजकूर पिढ्यान्‌पिढ्या तोच.

म्हणूनच २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात आमच्या स्टाफरूममध्ये "आता मुलं सगळं एआयकडून लिहून आणतात" अशी हाकाटी सुरू झाली, तेव्हा मला त्यात पूर्ण सामील होता येईना. पूर्वी ताईच्या जर्नलातून यायचं ते आता फोनमधून येतं. फरक एवढाच की ताईच्या जर्नलात चुका असायच्या आणि त्या चुका पाच-सहा वर्षं तशाच उतरत जायच्या. फोनमधून येणारा मजकूर शुद्ध असतो, आणि प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. पकडता येत नाही हे खरं दुखणं. पण पकडायचं होतं ते नेमकं काय? लिहिलेलं कुणाचं आहे हे शोधण्यात आमची शक्ती जाते आहे, आणि ब्युरेटची तोटी कुणाच्या हातानं कशी फिरते हे तेव्हाही कुणी पाहत नव्हतं, आजही पाहत नाही.

माझं लहानपण शनिवार पेठेत गेलं. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. घरून धुतलेली बाटली न्यायची, लाकडी खिडकीतून आत द्यायची आणि बाकावर बसून वाट पाहायची. आत मोठ्या बरण्या, स्पिरिटचा आणि बडीशेपेच्या अर्काचा वास, काचेच्या मापाचा टुणटुण आवाज. काका मिक्स्चर तयार करायचे, बाटलीला बूच लावायचे आणि मग कागदाची एक पट्टी दुमडून कात्रीनं अशी कातरायचे की उघडल्यावर तिच्या कडेला समान अंतरावर खाचा पडलेल्या असायच्या. ती पट्टी खळीनं बाटलीवर डकवायची. एक खाच म्हणजे एक डोस. मला त्या पट्टीचं फार अप्रूप वाटायचं. खाचा डोळ्यांनी मोजलेल्या असायच्या आणि शेवटचा डोस पहिल्याइतकाच भरायचा. बाटली देताना ते आईला सांगायचे, "वहिनी, हलवून द्या, नाहीतर खालचं खालीच राहील." आई "हो" म्हणायची. मग ते तिच्या हातात बाटली देऊन म्हणायचे, "हलवा बघू." ती हलवायची. तेव्हा कुठे खिडकी बंद व्हायची.

त्या काकांकडे पदवी होती की नाही कोण जाणे. १९४८च्या फार्मसी कायद्यानं पुढे औषध कुणी द्यायचं याचे नियम बांधले, आणि ते बांधायलाच हवे होते. अडाणी हातांनी माणसं दगावतात. त्या जुन्या काळाकडे परत चला असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला फक्त ते "हलवा बघू" आठवतं.

आता औषध कारखान्यातून बंद पाकिटात येतं, मग इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, घोटायला कशाला शिकवता, असं मुलं विचारतात. रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर मी दरवर्षी खलापाशी उभी राहून देते. एरंडेल तेलाचं इमल्शन ड्राय गम पद्धतीनं करायचं: तेल चार भाग, पाणी दोन, अकेशियाचा डिंक एक. खल कोरडा हवा, तेलाचं मापही कोरडं हवं. तेलात डिंक हलक्या हातानं मिसळायचा, मग पाणी एकदम घालायचं आणि एकाच दिशेनं भराभर घोटायचं. सुरुवातीला खलात पिवळट, तेलकट गिलावा दिसतो. हात भरून येतो. आणि मग अचानक आवाज बदलतो. बत्त्याखाली चटचट, चटचट असं ऐकू यायला लागतं, रंग पांढराशुभ्र होतो, बत्ता जड लागतो. प्रायमरी इमल्शन झालं. पुरणात उलथनं उभं राहिलं की झालं असं आपल्याकडे घरोघरी कळतं, तसं हे कानाला कळतं. पण तो आवाज पहिल्यांदा ऐकेपर्यंत पुस्तकातलं "क्लिकिंग साउंड" म्हणजे काय हे कुणालाच कळत नाही, आणि एकदा ऐकला की आयुष्यात विसरत नाही. ज्यानं पाणी थोडं थोडं घातलं, त्याच्या खलात तो आवाज येतच नाही. तो घोटत राहतो, घामाघूम होतो, तेल वर तरंगत राहतं. त्यानं कुठे थांबून "हे बिघडलंय, नव्यानं घेतो" म्हणायचं, हाही प्रयोगाचाच भाग. उद्या हॉस्पिटलच्या फार्मसीत सलाइनमध्ये औषध मिसळताना द्रव किंचित गढूळ दिसला तर ती बाटली बाजूला ठेवायचं धैर्य त्याला याच खलातून मिळणार आहे, असं मला मनापासून वाटतं.

टायट्रेशनमध्येही तेच, खलातही तेच. थांबायचं कुठे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

आणि तरीही एआयबद्दल माझ्या मनात नुसता राग नाही. आमच्याकडे अकोले तालुक्यातून आलेला एक मुलगा होता. बारावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचा, व्हायवात "येस मॅम, नो मॅम" यापलीकडे शब्द फुटायचा नाही. दुसऱ्या वर्षी एकदा मी त्याला बॅक टायट्रेशन विचारलं आणि तो मराठीत सुरू झाला. अ‍ॅस्पिरिनला अल्कलीबरोबर गरम का करायचं, अल्कली जास्त का घ्यायची, उरलेली का मोजायची, ब्लँक, म्हणजे औषध न घालता केलेलं टायट्रेशन, कशासाठी. एकही पायरी न चुकता. मी विचारलं, कुणाकडून समजून घेतलंस? म्हणाला, "मॅडम, फोनला विचारलं, मराठीत सांग म्हणून. कळलं नाही की परत विचारायचो. तो चिडत नाही." त्या शेवटच्या वाक्यानं मला जरा लागलं. आम्ही साठ मुलांना एका दमात शिकवतो, तेही इंग्रजीत, आणि दुसऱ्यांदा विचारणाऱ्याकडे कसं पाहतो हे त्या मुलांना बरोबर कळतं. त्याच्या हातातून तो फोन काढून घ्या असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

आणि खरं सांगायचं तर हाताची जागा पडद्यानं घ्यायला आमच्या विषयात एआयच्या बऱ्याच आधी सुरुवात झाली. फार्माकॉलॉजीच्या लॅबमध्ये आम्ही शिकलो तेव्हा काजळी धरलेला ड्रम होता. धुरावर फिरवून काळा केलेला कागद, त्यावर सुईनं उमटणारी पांढरी रेघ, मग तो कागद वार्निशमध्ये बुडवून वाळत घालायचा. आतड्याचा तुकडा आकुंचन पावला की रेघ वर जायची. नखांत काजळी दोन दिवस राहायची. आता अभ्यासक्रमातच लिहिलंय की प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवरून दाखवायचे. पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेलं एक्सफार्म हे सॉफ्टवेअर कितीतरी कॉलेजांत वापरलं गेलं. बेडूक, ससे, गिनीपिग यांचा छळ थांबला, हे चांगलंच झालं. मला त्या लॅबमधले पिंजरे आठवले की आजही कसंतरी होतं. पण पडद्यावरचं बेडकाचं हृदय कधी दमत नाही. कुणाचं द्रावण चुकत नाही, कुणाची सुई अडकत नाही, वीस जणांच्या वीस आलेखांत फरक नसतो. मग आम्ही वीस जणांना गुण देतो, आणि ते आलेखाच्या खाली लिहिलेल्या चार ओळींना देतो.

जॉर्ज मिलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९९०मध्ये वैद्यकीय मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. त्याच्याही आधी, १९७५मध्ये, स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्की (ओएससीई) ही परीक्षापद्धत मांडली. वेगवेगळी टेबलं, प्रत्येकावर एक छोटं काम, ठरलेली मिनिटं, समोर परीक्षक आणि त्याच्या हातात तपासणीची यादी. कॅनडात तर फार्मसिस्टच्या परवान्याच्या परीक्षेत ती आहे. आपल्याकडे डी.फार्म या पदविकेनंतर, फार्मसिस्ट म्हणून नोंदणीआधी एक्झिट परीक्षा द्यायची असा नियम २०२२मध्ये आला, तोही तीन बहुपर्यायी पेपरांचा. म्हणजे काउंटरवर उभं राहण्याआधीचं शेवटचं दार आपण मिलरच्या खालच्या दोन पायऱ्यांवरच बांधलं. आणि एआयला नेमक्या त्याच पायऱ्या सगळ्यांत चांगल्या चढता येतात.

आम्ही काही जणांनी मिळून, गुणांचा संबंध न ठेवता, लॅबमध्ये अशी टेबलं मांडून पाहिली. एका टेबलावर अस्थम्याचा इन्हेलर. एकावर मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी, जिच्यावर मुद्दाम "रोज एक" लिहिलं होतं. संधिवाताला ते औषध आठवड्यातून एकदा द्यायचं असतं आणि रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. ती चिठ्ठी हातात घेऊन कोण थांबतो आणि कोण गोळ्या मोजायला लागतो, एवढंच पाहायचं होतं. तिसऱ्या टेबलावर लहान मुलाचा अँटिबायोटिकचा ड्राय सिरप, आणि समोर बाळाची आजी म्हणून बसल्या होत्या आमच्या लॅबच्या मावशी.

मावशींना आम्ही काहीच शिकवलं नव्हतं. तुमच्या नातवाला औषध न्यायचंय, एवढंच सांगितलं होतं. एक मुलगा आला, त्याला सगळं तोंडपाठ होतं. पाणी उकळून गार केलेलं हवं, फ्रिजमध्ये ठेवा, किती दिवसांत संपवायचं, कोर्स पूर्ण करा. बोलता बोलता त्यानं बाटलीत खुणेपर्यंत पाणी ओतलं आणि हलवलं. पावडर तळाला दडपून बसलेली होती, ती सुटल्यावर पातळी खुणेच्या खाली गेली, वर फेस आला. त्यानं झाकण लावून बाटली पुढे केली. मावशी बाटलीकडे बघत म्हणाल्या, "दादा, हे खाली गेलं की. परत पाणी घालू का?" तो गडबडला. पावडर आधी ठोकून मोकळी करायची, थोडं पाणी घालून हलवायचं, मग उरलेलं खुणेपर्यंत भरायचं, हे त्यानं लिहिलेलं होतं. मी नंतर त्याचा कागद पाहिला. शब्दन्‌शब्द लिहिलेलं होतं.

त्याच्या मागून आलेल्या मुलीनं बाटली आधी टेबलाच्या कडेवर हळूच आपटली, कानाशी नेऊन हलवली, पावडर सुटल्याचा आवाज ऐकला आणि मग पाणी घेतलं. तिचं बोलणं अडखळत होतं. मावशींनी तिला विचारलं, "ताई, बाळानं ओकून टाकलं तर परत द्यायचं का?" हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "मावशी, औषध दिल्यावर किती वेळानं ओकतं तो?" मावशी म्हणाल्या, "लगेच. चमचा काढायच्या आत." मग तिनं सांगितलं की लगेच ओकलं तर पुन्हा द्यायचं, तासाभरानं ओकलं तर नाही, आणि सारखंच होत असेल तर डॉक्टरांना फोन करायचा. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यानं आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि खोडलं. यादीत "उलट प्रश्न विचारला" अशी ओळच नव्हती.

मुलं आता फोनवर पेशंटचा सराव करतात. फोनला सांगायचं, तू साठ वर्षांची मधुमेहाची पेशंट हो, आणि मग बोलायचं. मी ते करून पाहिलं. छान जमतं, आणि लाजऱ्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो. फक्त तो पेशंट फार शहाणा असतो. तो बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतो, औषधाची नावं नीट उच्चारतो, "मागच्या वेळची गुलाबी गोळी, ती नाही का, छोटी" असं म्हणत नाही. टिळक रोडवरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघा, काय काय ऐकावं लागतं ते.

मग सगळ्याच प्रॅक्टिकलना शेजारी बसून हात का पाहत नाही? वीसची बॅच, चार तास. २४० मिनिटं भागिले वीस, माणशी १२ मिनिटं. त्यातच सिनॉप्सिस तपासायची, व्हायवा घ्यायचा, सह्या करायच्या, आणि लॅबमध्ये एखादं बीकर फुटतंच. वेळेपेक्षाही मोठी अडचण दुसरी आहे आणि तिच्याबद्दल आम्ही मोकळेपणी बोलत नाही. कागद तपासताना परीक्षकाला मुलगा दिसत नाही. शेजारी बसलं की त्याचं आडनाव, त्याची भाषा, त्याचे कपडे, तो कुणाच्या ओळखीचा, सगळं दिसतं. व्हायवात हे नेहमीच होत आलंय. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्याला ५ पैकी ४ आणि अडखळणाऱ्याला २, मग माहिती दोघांची सारखी का असेना. जर्नल कितीही पोकळ असलं तरी त्यानं कित्येक मुलांना परीक्षकाच्या लहरीपासून वाचवलं आहे. ते काढून टाकून सगळी सत्ता माझ्या डोळ्यांकडे द्यायची तर माझे डोळे कोण तपासणार? म्हणून ड्राय सिरपच्या टेबलाशी आम्ही दोघं होतो, वेगवेगळे कागद घेऊन. संध्याकाळी कागद शेजारी ठेवले तर बऱ्याच मुलांच्या गुणांत आमचं पटत नव्हतं. त्या अडखळणाऱ्या मुलीला माझ्या सहकाऱ्यांनी संवादकौशल्यात कमी गुण दिले होते आणि मी पैकीच्या पैकी. आम्ही कँटीन बंद होईपर्यंत भांडलो. मला ते भांडण फार मोलाचं वाटलं. सिनॉप्सिसवरून आम्ही आजवर कधी भांडलो नव्हतो.

खिडकीजवळच्या त्या मुलीकडे मला अशाच नजरेनं पाहायचं होतं. ती मूर्ख नव्हती, कामचुकार तर नव्हतीच. तिच्या हातानं तिला बरोबर जागी नेलं होतं. पण शाळेपासून त्या दिवसापर्यंत प्रत्येक उत्तराला "बरोबर" असा शिक्का बाहेरून मिळत आलेला: शिक्षकांकडून, उत्तरसूचीतून, आता फोनमधून. फ्लास्कमधल्या रंगाला तसा शिक्का नसतो. तो टिकला की आपणच म्हणायचं, इथे संपलं. परीक्षकापुढे फ्लास्क धरला म्हणून तिचे गुण कापावेत असं मला तेव्हाही वाटलं नाही, आज तर मुळीच वाटत नाही. तिला कुणीतरी परीक्षेच्या आधी, साध्या सोमवारच्या प्रॅक्टिकलला, शेजारी उभं राहून विचारायला हवं होतं की तुला काय वाटतं. आणि तिनं दिलेलं उत्तर ऐकून घ्यायला हवं होतं.

विद्यापीठाच्या ३५ गुणांना माझा हात पोचत नाही. पण अंतर्गत मूल्यमापनात कंटिन्युअस मोडचे, म्हणजे सेमिस्टरभराच्या कामाचे, ५ गुण आहेत. त्यातले २ हजेरीला जातात, उरलेले ३ प्रॅक्टिकल रेकॉर्ड आणि नेहमीच्या व्हायवासाठी. रेकॉर्डचा व्हायवा टेबलाशीच घ्यायचा, हात चालू असताना, असं मी या सेमिस्टरसाठी ठरवलंय. प्रत्येक प्रॅक्टिकलला दोघांपाशी स्टूल घेऊन बसायचं, म्हणजे दहा प्रॅक्टिकलांत बॅच पूर्ण होते. फोन बाजूला ठेवायला सांगणार नाही. हवं ते विचारू देत, हवं तर माझ्यासमोर विचारू देत. ज्या सहकाऱ्याशी भांडण झालं ते शेजारच्या बॅचला असतात, त्यांनी अधूनमधून येऊन माझ्या मुलांना गुण द्यायचे आणि मी त्यांच्या. नावं हजेरीपटाच्या क्रमानं घ्यायची नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या, नाहीतर शेवटच्या मुलांची पाळी सबमिशनच्या गर्दीत येते आणि मग पुन्हा नुसत्या सह्या होतात. चिठ्ठ्या मावशी काढणार आहेत, तसं त्यांनी स्वतःच सांगितलंय.